तारिक बिन जियाद आणि परतीचे दोर

आपल्या घरांत दोन भाषा सुखाने नांदतात, त्यामुळे एकाच गोष्टीसाठी आपल्याकडे दोन वाक्प्रचार आहेत. उर्दूत कश्तियां जलाना, मराठीत परतीचे दोर कापणे. मराठीतला दोर सिंहगडाचा. १६७० साली तानाजी मालुसरे पडल्यावर मावळ्यांचा धीर सुटला, ज्या दोरांनी वर चढले त्याच दोरांनी खाली उतरायला ते धावले, तेव्हा दोर कापून टाकण्यात आले, ही कथा आपण सगळेच शाळेत शिकलो. उर्दूतल्या कश्त्या त्याच्याही साडेनऊशे वर्षं आधीच्या. त्या तारिक बिन जियाद (रह.) यांच्या.

जलसा असो, शाळेचं गॅदरिंग असो की करिअर मार्गदर्शनाचा कार्यक्रम, तारिक यांचं नाव निघालं की त्यांच्या आयुष्यातला एकच दिवस सांगितला जातो. जहाजं स्पेनच्या किनाऱ्याला लागली, सेनापतीने ती पेटवून दिली, फौजेपुढे भाषण केलं आणि देश जिंकला. पाच मिनिटांत गोष्ट संपते. मग ती समोर बसलेल्या बारावीच्या पोरांना लागू केली जाते. दुसरा अर्ज भरू नका, दुसरी वाट ठेवू नका, जहाजं जाळा. पोरं टाळ्या वाजवतात. घरी आई मात्र विचार करत बसते, की नीटमध्ये नंबर लागला नाही तर काय?

आम्हाला वाटतं, या माणसाचं आयुष्य त्या एका आगीपेक्षा बरंच मोठं आहे. त्यांनी परतीचे दोर कापले हे खरंच, पण कुठे कापले आणि कुठे जपून ठेवले, हे जरा सावकाश बघायला हवं.

तारिक अरब नव्हते. ते उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर समाजातले. हे लोक स्वतःला अमाझिग म्हणवतात, आजच्या मोरोक्को आणि अल्जेरियाचे डोंगर आणि वाळवंटाच्या कडा हे त्यांचं घर. इस्लाम तिथे पोहोचला तो सरळ रेषेत नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस काहिना नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बर्बर राणीने अरब फौजेला चांगलंच मागे रेटलं होतं. ती हरली, हळूहळू कबिले मुसलमान झाले, पण दोन्ही बाजूंना जुन्या लढाया आठवत होत्या. अशा काळात तारिक मोठे झाले.

बहुतेक जुन्या ग्रंथांत त्यांची ओळख मूसा बिन नुसैर यांचे मौला अशी येते. मौला म्हणजे गुलामीतून मुक्त झालेला, किंवा एखाद्या अरब माणसाच्या आश्रयाने मुस्लिम समाजात सामील झालेला. उमय्या खलीफांच्या राज्यात या मंडळींची गत विचित्र होती. नमाजच्या सफेत खांद्याला खांदा, पण पगार, लुटीतला वाटा आणि पद यांची वेळ आली की मागची रांग. इस्लामने जी बरोबरी शिकवली ती दरबाराने पाळली नाही, हे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही. आपल्याच इतिहासकारांनी ते लिहून ठेवलं आहे.

मूसा हे त्या वेळी कैरवान इथून सगळ्या उत्तर आफ्रिकेचा कारभार बघत. माणसं पारखण्याची त्यांना नजर होती. त्यांनी तारिक यांना तंजा, म्हणजे आजचं तांजियर, या शहराचा अधिकारी नेमलं. बर्बर माणसाला ही मोठीच जबाबदारी. पण यातली मेख बघा. दमिश्कमध्ये ज्याचा कबीला नाही, दरबारात ज्याच्यासाठी शब्द टाकणारा चुलता नाही, त्याच्याकडे परतीचा दोर मुळातच नसतो. चूक झाली तर एखादा अरब सरदार दुसऱ्या प्रांतात बदलून गेला असता. तारिक यांना ती सोय नव्हती. आमच्या मते त्यांच्या धाडसाचं मूळ इथे आहे, कुठल्या आगीत नाही.

तंजाच्या समोर समुद्र, आणि समुद्रापलीकडे स्पेन. सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी साधारण १४ किलोमीटर. गेटवेहून समोर मांडव्याचा किनारा जेवढा लांब, साधारण तेवढीच. आभाळ स्वच्छ असलं की पलीकडचे डोंगर दिसतात.

पलीकडे व्हिसिगॉथ राजांची सत्ता होती, राजधानी तोलेदो. बाहेरून ती भक्कम दिसे, आतून पोखरलेली होती. राजा विटिझा वारल्यावर रॉड्रिगोने गादी घेतली आणि विटिझाचे नातेवाईक डाव धरून बसले. शेतावर राबणारी कुळं आणि गुलाम यांना कोणता राजा आला याचं सुखदुःख नव्हतं. यहुदी लोकांचे तर हाल हाल चालले होते. ६९४ साली तोलेदोच्या धर्मसभेने ठराव करून त्यांची मालमत्ता काढून घेण्याचं आणि त्यांना गुलाम करण्याचं ठरवलं होतं. मुस्लिम फौज आल्यावर ठिकठिकाणी यहुद्यांनी तिला साथ दिली, त्याचं कारण हे.

आफ्रिकेच्या बाजूला सब्ता नावाचं बंदर होतं. तिथला ख्रिस्ती सरदार यूलियान हा रॉड्रिगोवर भडकलेला होता. त्याची मुलगी तोलेदोच्या दरबारात होती, तिच्यावर रॉड्रिगोने हात टाकला, म्हणून बापाने सूड घेतला, असं जुने अरबी ग्रंथ सांगतात. कथा खरी असेल किंवा रचलेली असेल. एवढं मात्र खरं की यूलियानकडे जहाजं होती, पलीकडच्या वाटांची माहिती होती, आणि त्याने दोन्ही मुसलमानांना देऊ केली.

आता आपल्या भाषणांत कधीच न येणारा भाग. यूलियानचा निरोप आल्यावर मूसा यांनी लगेच फौज पाठवली नाही. त्यांनी दमिश्कला खलीफा वलीद यांच्याकडे पत्र पाठवलं. खलीफांचं उत्तर सावध होतं. मुसलमानांना एकदम समुद्राच्या तोंडी देऊ नका, आधी छोट्या तुकड्या पाठवून अंदाज घ्या, असा त्याचा आशय. मग ७१० साली तरीफ नावाच्या सरदाराला सुमारे ४०० पायदळ आणि १०० घोडेस्वार देऊन चार जहाजांतून पाठवलं गेलं. तो उतरला ते गाव आजही तारिफा म्हणून ओळखलं जातं. टेहळणी झाली, किनारा पाहिला, प्रतिकार किती होतो ते कळलं, आणि तरीफ सुखरूप परत आला. म्हणजे पहिली तुकडी परत यायचं ठरवूनच गेली होती!

पुढच्या वर्षी, हिजरी ९२ च्या रजबमध्ये, इसवी सन ७११ च्या वसंतात, पाळी तारिक यांची. त्यांच्यासोबत साधारण ७,००० माणसं, जवळपास सगळे बर्बर. जहाजं यूलियानची. व्यापारी जहाजं ती, नेहमी ये-जा करणारी, त्यामुळे पलीकडच्या लोकांना संशय आला नाही. जहाजं थोडी आणि माणसं पुष्कळ, म्हणून खेपा कराव्या लागल्या. एक तुकडी सोडायची, रिकामी जहाजं परत, पुन्हा दुसरी तुकडी. समुद्रात सरळ उभा असलेला एक प्रचंड खडक, चारशे मीटरहून उंच, त्याच्या आडोशाला ही माणसं जमत गेली. त्या खडकाला जबल तारिक, तारिकचा डोंगर, असं नाव पडलं. युरोपियन जिभेवर त्याचं जिब्राल्टर झालं.

आणि इथेच ती आग.

जहाजं जाळल्याची गोष्ट सगळ्यात जुन्या इतिहासग्रंथांत नाही. मिसरचे इब्न अब्दुल हकम यांनी नवव्या शतकात या मोहिमेचा सविस्तर वृत्तांत लिहिला, त्यात ती सापडत नाही. ती येते शरीफ इदरीसी यांच्या भूगोलाच्या ग्रंथात. तो पूर्ण झाला ११५४ साली, सिसिलीचा राजा रॉजर याच्या दरबारात. घटनेनंतर तब्बल चारशे चाळीस वर्षांनी. ते प्रसिद्ध भाषणही असंच पुढच्या ग्रंथांतून फुलत गेलेलं. सुंदर अरबीतलं ते भाषण बर्बर सैनिकांना कितपत समजलं असतं, हा प्रश्न अभ्यासकांनी केव्हाच विचारला आहे. आपल्यापर्यंत ही आग मुख्यतः उर्दू-फारसी साहित्यातून आली. अल्लामा इक्बाल यांनी पयाम-ए-मशरिकमध्ये त्यावर फारसी कविता केली आणि बाल-ए-जिब्रीलमध्ये तारिक यांच्या दुआवर उर्दू. एवढ्या मोठ्या शायराचा हात लागल्यावर गोष्ट घराघरात जाणारच.

शिवाय साधा हिशेब करा. जहाजं यूलियानची, ती जाळायची तर मालकाशीच भांडण. आणि सगळी जाळली असती तर पुढची कुमक आली कशी? कारण कुमक आली, आणि समुद्रातूनच आली, ते पुढे येतंच आहे.

तरीही इदरीसींची नोंद आम्ही फेकून देणार नाही. कारण त्यांनी दिलेलं कारण फार बोलकं आहे, आणि तेच आपण विसरलो. त्यांच्या म्हणण्यानुसार तारिक यांना जाणवलं की सोबतच्या अरबांचा त्यांच्यावर भरवसा नाही. वेळ आली की हा बर्बर सेनापती आपल्याला सोडून निघून जाईल, अशी शंका. ती शंका मोडून काढायला त्यांनी जहाजं जाळायला लावली. म्हणजे या कथेत शिपाई पळू नयेत म्हणून आग नाही, आग लागते ती सेनापतीच पळेल या संशयाला. घटना घडली असो वा नसो, चार शतकांनंतरही लोकांना हे आठवत होतं की या माणसाला आपली निष्ठा सिद्ध करून दाखवावी लागली होती. जन्मापासून दुसऱ्यांपेक्षा दुप्पट सिद्ध करत राहावं लागणं म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

रॉड्रिगो त्या वेळी पार उत्तरेला बास्क लोकांशी लढत होता. बातमी कळताच तो फौज गोळा करत दक्षिणेकडे निघाला. त्याच्या फौजेचे जुने आकडे लाखाच्या घरात जातात, त्यावर कोणी विश्वास ठेवू नये. पण ती तारिक यांच्या फौजेपेक्षा बरीच मोठी होती, असं जुने ग्रंथ सांगतात. आता तारिक यांनी काय केलं? छाती पुढे काढून सात हजारांवर लढाई अंगावर घेतली का? नाही. त्यांनी मूसा यांना पत्र लिहिलं आणि मदत मागितली. मूसा यांनी दरम्यान नवी जहाजं बांधून घेतली होती. त्यांतून ५,००० माणसं आली. एकूण झाले १२,०००.

आमच्या मते या आयुष्यातली सगळ्यात शिकण्यासारखी जागा हीच. तारिक यांनी पळण्याचा रस्ता मनातून पुसून टाकला होता, पण मदतीचा रस्ता उघडा ठेवला होता. समुद्र तोच, जहाजंही तसलीच. एकाच दोराला दोन टोकं असतात. एकाने खाली घसरता येतं, दुसऱ्याने वर शिधा ओढता येतो. व्यासपीठावरून बोलणारे दोन्ही एकदम कापायला सांगतात. पोराला मग पाठांतराची वही, मास्तर, घरच्यांचा हात, काहीच उरत नाही, उरतो फक्त दबाव. हरल्यावर तोंड कसं दाखवू, हा एकच विचार. तारिक यांना मदत मागायला लाज वाटली नाही. कमीपणा वाटला असता तर स्पेनच्या इतिहासात एका फसलेल्या छाप्याची दोन ओळींची नोंद राहिली असती.

रमजान संपत आला होता. जुलै ७११ मध्ये, नद्या आणि दलदलीच्या प्रदेशात, जिला अरब वादी लक्का म्हणतात आणि आज बहुतेक जण ग्वादलेते नदी समजतात, तिथे दोन्ही फौजा भिडल्या. लढाई एका दिवसाची नव्हती, आठवडाभर चालली असं वृत्तांत सांगतात. उन्हाळा, रमजान आणि चिलखत, जरा डोळ्यांपुढे आणा. रॉड्रिगोच्या बगलेवर विटिझाचे नातेवाईक होते. ऐन वेळी ते बाजूला झाले. त्यांचा समज असा होता की हे मुसलमान लूट घेऊन परत जातील आणि गादी आपल्याला मिळेल. म्हणजे ज्यांनी स्वतःसाठी पर्याय राखून ठेवला होता, त्यांची फौज आतूनच फाटली. रॉड्रिगो पुन्हा कोणाला दिसला नाही. नदीकाठी त्याचा घोडा सापडला, असं सांगतात.

आता खरे दोर कापण्याची वेळ आली, आणि ती गोष्ट कोणी सांगत नाही.

विजयाची बातमी कैरवानला पोहोचली तसे मूसा खूश होण्याऐवजी अस्वस्थ झाले. त्यांनी हुकूम पाठवला, की आहात तिथे थांबा, मी येईपर्यंत पुढे जाऊ नका. यात थोडी काळजी होती आणि बराचसा मत्सर, असं आपले इतिहासकारच लिहितात. तारिक यांच्यापुढे सोपा रस्ता होता. हुकूम मानायचा, किनाऱ्याजवळ तळ ठोकायचा, साहेब आल्यावर श्रेय त्यांच्या पायाशी ठेवायचं. कुठल्याही नोकरदाराने हेच केलं असतं. पण रॉड्रिगोची विस्कटलेली फौज तोलेदोला जमून नवा राजा निवडणार, हे स्पष्ट दिसत होतं. यूलियानचा सल्लाही तोच, उशीर नको. तारिक यांनी सोबत्यांशी मसलत केली आणि फौज वाटून टाकली. मुगीस अर-रूमी यांना सुमारे ७०० स्वार देऊन कुर्तुब्याकडे धाडलं आणि स्वतः थेट राजधानीकडे निघाले, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत.

शत्रूकडे पाठ फिरवायची नाही हे प्रत्येक शिपाई ठरवू शकतो. वरिष्ठाचा हुकूम बाजूला ठेवून पुढे जायचं म्हणजे आपल्या बाजूचाही दरवाजा बंद करून घेणं. हरलो असतो तर शत्रूने मारलं असतं, जिंकलो तरी आपलेच विचारणार. तारिक यांना हे कळत नव्हतं असं मानायला आम्ही तयार नाही. तांजियरपासून ते मूसा यांना ओळखत होते.

तोलेदो जवळपास रिकामं सापडलं. सरदार पळाले होते, मोठा बिशप तर रोमला जाऊन पोहोचला. तिथे तारिक यांच्या हाती सोन्या-रत्नांनी मढवलेलं एक मेज लागलं, हजरत सुलैमान (अलै.) यांचं मेज म्हणून ते प्रसिद्ध झालं.

पुढच्या वर्षी, ७१२ मध्ये, मूसा स्वतः १८,००० फौज घेऊन उतरले. या वेळी अरब जास्त होते. त्यांनी मुद्दाम तारिक यांच्या वाटेने न जाता दुसरी वाट धरली, सेव्हिल घेतलं, मेरिदाला कित्येक महिने वेढा दिला. मग दोघांची गाठ पडली. तारिक सामोरे गेले, घोड्यावरून उतरले. मूसा यांनी सर्वांसमोर त्यांना चाबूक मारला, असं लिहिलेलं आहे. तारिक यांनी काय उत्तर दिलं? एवढंच कळतं की नंतर दोघे एकत्र उत्तरेला सरागोसापर्यंत गेले. ज्याने फौजेच्या जोरावर तिथेच वेगळं राज्य मांडायचं ठरवलं असतं, त्याला ते जमण्यासारखं होतं. तारिक यांनी तो दोरही धरला नाही.

मग खलीफा वलीद यांचं बोलावणं आलं, दोघांनाही. ७१४ साली ते परत समुद्र ओलांडून निघाले. ज्या माणसाच्या नावावर परतीची जहाजं जाळल्याची कथा आहे, त्याला शेवटी जहाजातूनच परत जावं लागलं, तेही जिंकलेला देश मागे सोडून. दमिश्कच्या दरबारात मूसा यांनी ते मेज आपण मिळवलं म्हणून सादर केलं. मेजाचा एक पाय नवा, वेगळा बसवलेला होता. खलीफांनी चौकशी केली तेव्हा तारिक यांनी कपड्यांतून मूळ पाय बाहेर काढला. पहिल्या दिवसापासून त्यांनी तो लपवून ठेवला होता. ही कथा इब्न अब्दुल हकम यांच्याकडे आहे. तिला अक्षरशः खरं मानायचं की नाही ते वाचकांनी ठरवावं, पण आम्हाला ती आवडते. जहाजं जाळणारा म्हणून ज्याला आपण ओळखतो, त्याने एक पुरावा मात्र जपून ठेवला होता.

७१५ मध्ये वलीद वारले आणि सुलैमान खलीफा झाले. नव्या खलीफाने मूसा यांच्यावर जबर दंड बसवला, त्यांचे शेवटचे दिवस अपमानात गेले. मूसा यांच्या मुलाला, अब्दुल अजीज यांना, अन्दलुसमध्ये ठार केलं गेलं. तारिक यांचं नाव तर कागदांतूनच नाहीसं होतं. जहागीर नाही, पद नाही, कबरीचा पत्ता नाही.

आणि त्यांच्याबरोबर गेलेले ते बर्बर? जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा सुपीक नदीखोरी बहुतांशी अरबांकडे गेली, बर्बरांच्या वाट्याला डोंगर आणि कोरडं पठार आलं. मुसलमान असूनही त्यांच्याकडून नको ते कर वसूल होत राहिले. हा राग साठत गेला आणि ७४० साली बर्बरांनी उठाव केला. उठावाची ठिणगी पडली ती तांजियरमध्ये, जिथे एकेकाळी तारिक अधिकारी होते.

अन्दलुसमध्ये मुस्लिम सत्ता पुढे जवळपास आठशे वर्षं टिकली, २ जानेवारी १४९२ ला गरनाता पडेपर्यंत. तो खडक १७०४ पासून इंग्रजांकडे आहे. त्याच्या पायथ्याशी विमानतळ आहे, माथ्यावर माकडं आहेत, आणि पलीकडे, आभाळ स्वच्छ असलं तर, आफ्रिकेचा किनारा दिसतो.